आपल्याच घराचा पत्ता सापडेना

‘आई, हॉलमधला कॉम्प्युटर चालू केलास का?’
‘केला. आता काय करू?’
‘डी ड्राइव्ह उघड. त्यात प्रोजेक्ट नावाचं फोल्डर आहे.’
‘इथं चार आहेत. प्रोजेक्ट, प्रोजेक्ट न्यू, प्रोजेक्ट फायनल आणि प्रोजेक्ट फायनल फायनल. कुठलं उघडू?’

सबमिशनच्या आदल्या रात्री असा फोन केला नाही असा होस्टेलवासी विरळाच. फाइल लातूरला, आपण पुण्यात. मग आई स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पाठवते, तो हललेला असतो. धाकटा भाऊ क्लासहून आला की मेल करायला बसतो, तर फाइल २५ एमबीच्या वर निघते आणि मेल ती घेत नाही. ड्राइव्हवर टाकायला जावं तर तिथं लाल पट्टी, स्टोरेज फुल.

खरं तर घरी सगळं आहे. फायबरचं कनेक्शन आहे, राउटर आहे, एक जुना पण चालता कॉम्प्युटर आहे, एक टीबीची हार्ड डिस्क आहे. घरात असताना आपण सोफ्यावर बसून लॅपटॉपवरून त्याच डिस्कवरचे पिक्चर बघतो, प्रिंटरला वायरशिवाय प्रिंट देतो. घराचा उंबरठा ओलांडला की हे सगळं बंद. का? आणि पुण्यातल्या खोलीत बसून ‘मी घरीच आहे’ असं त्या राउटरला पटवून देता येतं का?

येतं. त्यालाच व्हीपीएन म्हणतात.

आता हा शब्द वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. व्हीपीएन म्हणजे बंद झालेल्या साइट उघडायचं, परदेशातल्या सिरीज बघायचं ते ॲप, हीच आपली ओळख. यूट्यूबवरच्या प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत कुणी तरी त्याची जाहिरात करतं. आणि गेल्या काही वर्षांत बातम्यांमध्येही हा शब्द आला तो संशयित म्हणूनच. २०२१ मध्ये संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनं व्हीपीएनवर कायमचा लगाम घालावा अशी शिफारस केली. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर, त्याला दिलेला आयपी ॲड्रेस, इतकंच काय पण तो व्हीपीएन कशासाठी घेतोय हेही लिहून ठेवायचं. ग्राहक सोडून गेला तरी पाच वर्षं या नोंदी जपायच्या. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी नोंदी ठेवण्यापेक्षा भारतातले सर्व्हरच उचलले, मागोमाग प्रोटॉननंही. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला केंद्राच्या आदेशानंतर काही व्हीपीएन ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून गायब झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जम्मू-काश्मीरमधल्या डोडा जिल्ह्यात प्रशासनानं व्हीपीएन वापरण्यावरच बंदी घातली.

या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट हरवली. व्हीपीएन या एका शब्दात दोन उलट्या दिशांची कामं भरलेली आहेत. जाहिरातीतलं व्हीपीएन तुम्हाला घरातून बाहेर काढून तिसऱ्याच गावात नेतं आणि तिथून इंटरनेटवर सोडतं, म्हणजे तुम्ही कोण, कुठले ते समोरच्याला कळू नये. मुळातलं व्हीपीएन मात्र बाहेर असलेल्या माणसाला आत आणण्यासाठी निघालं. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या फाइली घरबसल्या उघडाव्यात, दोन शहरांतल्या शाखा एका वायरीवर असल्यासारख्या चालाव्यात, याची सोय. लॉकडाऊनमध्ये आयटीतली ताई बेडरूममध्ये बसून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करत होती ती याच वाटेनं. आयआयटी मुंबईसारख्या संस्था विद्यार्थ्यांना कॅम्पसच्या नेटवर्कमध्ये बाहेरून यायला व्हीपीएन देतात, तेही हेच. पहिल्यात ओळख लपवायची असते, दुसऱ्यात ओळख पटवल्याशिवाय दार उघडत नाही.

सरकारलाही हा फरक माहीत आहे. मे २०२२ मध्ये सर्ट-इननं प्रश्नोत्तरांचं एक पत्रक काढलं. त्यात कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन या नियमातून बाहेर ठेवली आणि नियम सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेटसाठी आडोसा पुरवणाऱ्या सेवांना आहे असं स्पष्ट केलं. घरच्या राउटरवर स्वतःसाठी व्हीपीएन लावणारा विद्यार्थी कुणाला सेवा विकत नाही, त्यामुळे तो त्या चौकटीत बसत नाही. पण जिथं बंदीच्या आदेशात नुसतं ‘व्हीपीएन’ असं लिहिलं जाईल, तिथं घरची फाइल उघडणारा आणि ओळख लपवणारा एकाच रांगेत उभे राहणार. मोबाइलच्या तपासणीत ॲपचं नाव दिसतं, हेतू दिसत नाही.

असो. कायद्याचं काय ते ठीक, पण उद्या लातूरच्या घरी व्हीपीएन लावायला बसलात तर अडवणारा कायदा नसेल. वेगळंच काही तरी असेल, आणि त्याची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही. तुमच्या घराला इंटरनेटवर पत्ताच नाही.

म्हणजे काय, ते सांगतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक नंबर लागतो, तो आयपी ॲड्रेस. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे नंबर जगात मिळून साधारण ४२९ कोटी. सत्तर-ऐंशीच्या दशकात हे ठरवणाऱ्यांना तो आकडा पुष्कळ वाटला असणार. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा वाटून झाला आणि एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचाही तळ दिसला. भारतात घराघरात नेट पोचलं, जिओ आलं, ते याच्या नंतर. पंगत उठल्यावर आपण जेवायला आलो.

मग कंपन्यांनी काय केलं? एक नंबर शेकडो घरांना वाटला. या पद्धतीला सीजी-नॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीचं उदाहरण घ्या. बाहेर पाटी एकच, गेटवर वॉचमन. तुम्ही पिझ्झा मागवला की वॉचमन वहीत लिहितो, ‘फ्लॅट ३०४, पिझ्झा.’ डिलिव्हरीवाला आला की त्याला बरोबर वर पाठवतो. म्हणून नेटफ्लिक्स चालतं, इन्स्टा चालतं, सगळं चालतं, कारण ते तुम्ही आतून मागवलेलं असतं. पण कुणी न सांगता बाहेरून आलं आणि नुसतं ‘पाटलांकडे जायचंय’ म्हणालं तर वॉचमन विचारतो, ‘कुठले पाटील? फ्लॅट नंबर?’ आणि तो नंबर बाहेरच्या जगाला कधी सांगितलेलाच नसतो. गंमत म्हणजे इथं बाहेर उभे असलेले पाटील तुम्हीच असता.

तुमच्या घरी हे आहे का, ते पाहायला पाच मिनिटं लागतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा जवळपासच्या एखाद्या नंबरवर, ‘वॅन आयपी’ लिहिलेला असतो. आणि ‘माझा आयपी काय’ असं सर्च केलं की एक नंबर दिसतो. दोन्ही सारखे असले तर नशीबवान. वेगळे असले, विशेषतः राउटरवरचा नंबर १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असला, तर तुम्ही त्या सोसायटीत आहात. ही नंबरांची पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. ‘तुम्ही रोबो नाही ना’ म्हणून वेबसाइट सारखी सारखी ट्रॅफिक सिग्नलचे फोटो निवडायला लावतात, त्याचं एक कारण हेही असू शकतं. एकाच पत्त्यावरून शेकडो माणसं आली की कुणालाही शंका येणारच.

नंबर कमी पडले, वाटून घेतले, यात कुणाचा कट नाही. पण कनेक्शन विकताना हे सांगायला नको? केबलवाल्या दादाकडून प्लॅन घेताना स्पीड सांगतात, ओटीटी किती फुकट ते सांगतात. ‘या कनेक्शनवर बाहेरून घरी येता येणार नाही’ हे कोण सांगतं? सरकारच्या व्याख्येतही तीच नजर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची नवी व्याख्या आली, किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाला. पण हा वेग डाउनलोडचा. अपलोडचा उल्लेख नाही, पत्त्याचा तर नाहीच. घरचं कनेक्शन म्हणजे बाहेरून आत घ्यायची नळी, एवढंच गृहीत धरलेलं. घरातूनही काही बाहेर द्यायचं असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि मग ती पोकळी कोण भरतं? क्लाउड. घरी एक टीबीची डिस्क पडून असताना आपण महिन्याला १३० रुपये देऊन १०० जीबी भाड्यानं घेतो. सवय लागली तेव्हा ते फुकट होतं. गुगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा बंद केली, तोवर आपले शाळेपासूनचे फोटो तिकडे जाऊन बसलेले. कॉलेजांना मिळणारी अमर्याद जागाही २०२२ मध्ये संपली आणि संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आली. पास आउट झाल्यावर कॉलेजच्या मेल आयडीबरोबर चार वर्षांच्या असाइनमेंट कशा जातात, ते एखाद्या सीनियरला विचारा. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायलाही गुगलनं सुरुवात केली. क्लाउड वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. पण दुसरा पर्याय असता आणि तो नाकारून भाडं भरलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मग वाटा कोणत्या? पहिली सरळ. कंपनीला फोन करून स्थिर सार्वजनिक आयपी मागायचा. काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात, काही फक्त व्यावसायिक कनेक्शनला देतात. कस्टमर केअरच्या पहिल्या माणसाला प्रश्न कळेलच असं नाही, चिकाटी ठेवायची. पत्ता मिळाला की राउटरवर किंवा त्या जुन्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड लावता येतं. जेसन डोनेनफेल्ड या प्रोग्रामरनं लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच घेतलं गेलं. जुन्या व्हीपीएनच्या मानानं त्याचा कोड फार छोटा, काही हजार ओळींचा, त्यामुळे तपासायला सोपा. त्याची एक सवय मला फार आवडते. योग्य किल्ली नसलेल्यानं दार ठोठावलं तर ते ‘कोण आहे?’ असंही म्हणत नाही. घरात कुणी आहे हेच बाहेरच्याला कळत नाही.

दुसरी वाट आयपीव्ही ६ ची. या नव्या पद्धतीत नंबर इतके आहेत, की घरातल्या पंख्यालासुद्धा स्वतंत्र पत्ता मिळेल. आणि इथं आपण मागे नाही, जगात पुढे आहोत. गुगलच्या मोजणीत भारतातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त वापरकर्ते आयपीव्ही ६ वर आहेत, त्यात जिओचा वाटा मोठा. तरी अडतं कुठं? राउटर बाहेरून येणारं सगळं मुळात अडवतो, ते योग्यच आहे, आणि त्यात हवी ती फट ठेवायची सोय कंपनीनं दिलेल्या राउटरमध्ये असतेच असं नाही. शिवाय होस्टेलचं वायफाय जुन्याच पद्धतीवर चालत असेल तर इकडून तिकडचा पत्ता दिसतच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र तो दिसू शकतो.

तिसरी वाट सध्या सगळ्यात सोपी. टेलस्केल, झीरोटियर अशा सेवा. यात लातूरचा कॉम्प्युटर आणि पुण्याचा लॅपटॉप दोघेही आतून बाहेर जातात, एका मध्यस्थाला भेटतात, तो दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो. पुन्हा त्या वॉचमनकडे चला. आतल्या माणसानं आधी फोन करून ठेवला, की पाहुण्याला सोडतात ना, तसंच. बऱ्याचदा दोघांची थेट गाठ पडते, नाही पडली तर मध्यस्थच पाकिटं इकडून तिकडे नेतो, पण बंदच. किल्ल्या तुमच्या दोन यंत्रांतच असतात. घरगुती वापराला टेलस्केल फुकट आहे आणि लावायला अर्धा तासही लागत नाही. मात्र ‘कुणाचं यंत्र कुठलं’ ही यादी कॅनडातल्या एका खासगी कंपनीकडे राहते आणि आत शिरताना आपण पुन्हा गुगलच्याच किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करतो. म्हणजे स्वतःच्या घरी जायला दोन कंपन्यांना नमस्कार. तोही नको असेल तर त्या मध्यस्थाची मुक्त आवृत्ती, हेडस्केल, स्वतः चालवता येते. पण त्यालाही कुठं तरी सार्वजनिक पत्ता लागतो. फिरून तिथंच!

या तिन्हींच्या पलीकडे एक चौथी वाट इंटरनेटवर हमखास सुचवली जाते, ती मात्र चुकूनही धरू नका. राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्ड’ करून फाइल शेअरिंग थेट बाहेर उघडायचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून. ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्यानं तेच भोक वापरलं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. घरगुती डिस्कचं म्हणाल, तर जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ वापरणारे सकाळी उठले तर डिस्क कोऱ्या. कंपनीनं सांगितलं, आधी इंटरनेटपासून तोडा. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टनं क्यूनॅपच्या डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि मालकांकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. दार उघडं टाकणं वेगळं आणि किल्ली घेऊन आत येणं वेगळं, फरक एवढाच आहे.

किल्ली घेऊन येणाऱ्याच्या बुटाला चिखल असू शकतो, हेही लक्षात घ्या. व्हीपीएननं जोडलेला लॅपटॉप घरातलाच होतो. होस्टेलवर पेनड्राइव्ह फिरवून आणलेला व्हायरस त्याच बोगद्यातून बाबांच्या जीएसटीच्या फाइलींपर्यंत जाऊ शकतो. म्हणून अख्खी डिस्क नाही, आपलं एक फोल्डरच शेअर करायचं आणि जिथं लिहायची गरज नाही तिथं फक्त वाचायची परवानगी ठेवायची. मोबाइल लोकलमध्ये गेला तर त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द. आणि ती डिस्क एक ना एक दिवस मरणार आहे, दुसरी प्रत कुठं तरी हवीच. ती क्लाउडवर ठेवली तरी हरकत नाही. तुमच्या कॉलेजच्या नेटवर्कवर व्हीपीएनला मनाई असेल तर तिथं करू नका, स्वतःच्या डेटावर करा.

वेग किती मिळेल? घरच्या प्लॅनचं अपलोड जेवढं तेवढाच, त्याहून जास्त नाही. तिकडून ३० एमबीपीएसनं निघालं तर ४ जीबीची फाइल यायला १८ मिनिटं. १०० असेल तर साडेपाच. जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला अपलोड नावापुरतंच असायचं, तेव्हा हे सुचवण्यातही अर्थ नव्हता. फायबरवर आहे.

राहिला विजेचा प्रश्न, आणि घरचे खरे अडतात ते इथंच. जुना डेस्कटॉप ६० वॉट ओढत असेल आणि चोवीस तास चालू ठेवला, तर महिन्याला ४३ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढचा दर चांगलाच चढा असतो. म्हणजे ९० युनिटवाल्या घरातली ही ४३ युनिटं बाबांच्या नजरेतून सुटणार नाहीत. त्यापेक्षा रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप बरा. पाच वॉटच्या यंत्राला महिन्याला चार युनिटही लागत नाहीत, लॅपटॉपला तर बॅटरीही असते. डेस्कटॉपच ठेवायचा असेल तर बायोसमध्ये ‘लाइट आल्यावर आपोआप सुरू हो’ असं सेटिंग असतं, ते सुट्टीत घरी गेल्यावर करून या.

नाही केलंत तर व्हीपीएन, किल्ल्या, पत्ता सगळं जमवूनही गुरुवारी संध्याकाळी पुण्यातून फोन जाईलच. ‘आई, लाइट आली का? हॉलमधला कॉम्प्युटर चालू कर ना.’